अनुभव धागा : किनाऱ्यावरची पुस्तकांची दुकानं, नाकाला-बोटांना-कानांना काय आठवतं?

मागच्या आठवड्यात रत्नागिरीत तीन दिवस झड लागली होती. चौथ्या दिवशी जरा उघडीप मिळाली तसा मी पुस्तकांच्या दुकानात गेलो. घ्यायचं काही नव्हतं. दाराशी बादलीत छत्री ठेवली, पायपुसण्यावर पाय घासले, आत पाऊल टाकलं आणि तो वास आला. कोरा कागद, डांबराच्या गोळ्या, थोडी ओल, मागच्या खोलीत लावलेली उदबत्ती. चाळीस वर्षं हा वास मी ओळखतो. आईच्या ट्रंकेचा वास आणि या दुकानाचा वास, हे दोन मी कुठेही डोळे मिटून सांगेन.

आपल्याकडे वाचनालयांचा अभिमान मोठा, आणि तो असावाच. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चं. त्यांच्याबद्दल भाषणं होतात, लेख येतात. बाजारपेठेतल्या दहा बाय बाराच्या दुकानांबद्दल मात्र फारसं कुणी लिहीत नाही. पुढे वह्या, कंपासपेट्या, पंचांगं; मागच्या भिंतीला कथा-कादंबऱ्या, कविता, चरित्रं. मोठ्या शहरांतल्या वातानुकूलित साखळी दुकानांबद्दल मला विचारायचं नाही. एका माणसानं किंवा एका घरानं चालवलेलं दुकान, जिथे मालक तुम्हाला तुमच्या नावानं नाही तर 'अमक्यांचा धाकटा' म्हणून ओळखतो, त्याबद्दल विचारतोय.

पुस्तकांची आणि लेखकांची नावं लिहू नका, त्या याद्या आपण एरवी करतोच. दुकानाचं आणि मालकाचंही नाव नको, गाव पुरे. अंगाला काय आठवतं तेवढं लिहा.

सुरुवात माझ्यापासून. पावसाळ्यात आमच्या दुकानातल्या लाकडी फळ्या फुगतात आणि गुळगुळीत वेष्टनांची पुस्तकं एकमेकांना धरून बसतात. मी आठवीत असताना एक पुस्तक कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढलं. मालक गल्ल्यावरून उठून आले. मला वाटलं आता बोलणार. त्यांनी माझा हात धरला, शेजारची दोन पुस्तकं हळूच आत ढकलायला लावली, मग मधलं पुस्तक कमरेत पकडून बाहेर घ्यायला लावलं. वेष्टन सुटताना बारीक 'चर्र' आवाज झाला. "आता ते तुझ्याकडे आलं," म्हणाले. अजून कुठल्याही घरी कपाटातून पुस्तक घेताना माझी बोटं आधी शेजारच्या दोघांना आत ढकलतात.

मालवण

माझी आई मालवणच्या बंदरावर मासे विकायची. शाळा सुटली की मी पाटीवर बसायला जायची, आणि पाच वाजता तिथून सुटून बाजारातल्या पुस्तकांच्या दुकानात. हाताला बांगड्याचा वास. तो साबणानं जात नाही, हे मासळीतल्या माणसाला सांगायला नको.

दुकानाच्या मागे मोरी होती. तिथे मालकांनी बशीत कापलेलं लिंबू ठेवायला सुरुवात केली. कुणासाठी ते कधी बोलले नाहीत. मी दारात दिसले की एवढंच म्हणायचे, "हात धुवन ये गो. आणि पुसून ये, ओले हात चलाचे नाय." मी लिंबू चोळायची, पंचाला हात पुसायची, आणि मग मला सगळं दुकान मोकळं. "घेवक व्हया असा काय नाय, बघ नुसतां," हे त्यांचं दुसरं वाक्य. दीड-दोन तास मी खालच्या फळीशी फतकल मारून बसायची. गार कोबा, पाठीला गोणपाटात बांधलेले वह्यांचे गठ्ठे, आणि पान उलटलं की कागदाच्या वासात मिसळलेला लिंबाचा वास.

माझ्या दहाव्या वाढदिवसाला आई स्वतः आली. पाटी डोक्यावर होती म्हणून पायरी चढली नाही, बाहेरूनच विचारलं, "हेच्यात चित्रां आसत?" चित्रं होती. तिनं कनवटीच्या नोटा काढून दिल्या. त्या ओल्या होत्या, खाऱ्या पाण्यानं मऊ पडलेल्या. मालकांनी त्या एकेक उलगडल्या, टेबलावर पसरल्या आणि वर काचेची जड पेपरवेटं ठेवली. त्या नोटांकडे ते पुस्तकाच्या पानांकडे पाहावं तसे पाहत होते. मी आज कणकवलीत शिकवते. नवीन पुस्तक उघडलं की मला आधी लिंबाचा वास येतो, आणि मग शाईचा.

देवगड

आमच्याकडे दुकानदार जुनी पुस्तकं आंब्याच्या रिकाम्या पेट्या आडव्या टाकून त्यांत मांडतो. तळाला थोडा पेंढा तसाच राहिलेला असतो. कागद वास धरून ठेवतो, हे मला मुंबईला नोकरीला लागल्यावर कळलं. मे महिन्यात घेतलेलं पुस्तक जानेवारीत डोंबिवलीच्या लोकलमध्ये उघडलं आणि मधल्या पानांतून हापूस आला. शेजारच्या माणसानंही मान वळवली. तो राजापूरचा निघाला.

कुडाळ

मी बांधणीचं काम करतो, त्यामुळे माझा अनुभव जरा वेगळा. दुकानात गेलो की मी पुस्तक वाचत नाही, आधी चाचपतो.

कागदाला ग्रेन असतो, म्हणजे त्यातले तंतू एका दिशेला पडलेले असतात. तो कण्याला समांतर असला तर पुस्तक हातात सैल पडतं, पानं नदीच्या पाण्यासारखी वळतात. आडवा असला तर पान अंगावर येतं, बोट काढलं की मिटतं. आणि आपल्या हवेत त्याची शिक्षा लवकर मिळते. ओल शोषली की तंतू जाडीला फुगतात, लांबीला जवळपास फुगत नाहीत. ग्रेन आडवा असेल तर कण्यात जखडलेलं पान फुगायला जागा शोधतं आणि त्याला लाटा येतात. पुण्यात छापलेलं सरळ पुस्तक जुलैत कुडाळला आलं की पंधरा दिवसांत कौलासारखं होतं ते यामुळे.

कानांनीही कळतं. दोऱ्यानं शिवलेलं नवीन पुस्तक पहिल्यांदा उघडताना हळू कुरकुरतं, नव्या वहाणेसारखं. नुसतं गोंदानं चिकटवलेलं 'कट्' करतं. तो आवाज आला की मी ते परत ठेवतो, कारण दोन वर्षांनी ते माझ्याकडेच सुटी पानं होऊन येणार असतं.

आमच्या गावच्या दुकानदाराला हे सगळं समजतं. नवीन खोकं आलं की तो मला निरोप धाडतो. सुतळी कापायची, वरचा तपकिरी कागद काढायचा, आणि मग आम्ही दोघं काही न बोलता एकेक पुस्तक मधोमध उघडून बघत बसतो. तेवढा अर्धा तास मला महिन्याभराच्या कामापेक्षा प्रिय आहे. जुनी पुस्तकं तो माझ्याकडे देतो. मी मैद्याची खळ करतो, तिच्यात मोरचूद घालतो. नाही घातलं तर कसर आणि झुरळं खळीवर येतात आणि खळीबरोबर कागदही खातात. मोरचुदाची निळसर झाक पुठ्ठ्याच्या आतल्या कडेला दिसते. ती दिसली की समजावं, कुणीतरी हे पुस्तक कोकणात राहायला तयार केलंय.

दापोलीजवळून

थोडंसंच. आमच्या दुकानाच्या कौलांत एक काचेचं कौल होतं. त्यातून उन्हाचा चौकोन पडायचा, दहा वाजता कवितांवर, बारा वाजता शब्दकोशांवर, तीन वाजता गल्ल्यावर. मालक त्या चौकोनाप्रमाणे पुस्तकं हलवायचे, कारण उन्हानं वेष्टनांचा लाल आणि पिवळा आधी उडतो आणि मागे नुसता निळा उरतो. ३ जून २०२०ला निसर्ग वादळात कौलं गेली. आता वर पत्रा आहे. पावसाचा आवाज भरपूर, चौकोन नाही. मी अजून तीन वाजता गल्ल्याकडे बघतो.

वेंगुर्ला

मला जन्मापासून दिसत नाही. वर सगळ्यांनी वासाबद्दल लिहिलंय, मी आवाजाबद्दल लिहितो.

पुस्तकांच्या दुकानात शिरलं की माझा स्वतःचा आवाज बदलतो. रस्त्यावर तो पसरतो, घरात चिऱ्याच्या भिंतींवरून परत येतो. पुस्तकांच्या दोन रांगांमध्ये तो मऊ होतो, कुणीतरी घोंगडी पांघरावी तसा. पहिल्यांदा मोठ्या भावाबरोबर गेलो तेव्हा मी दहा-बारा वर्षांचा असेन. मी मुद्दाम बोलत राहिलो, नुसता तो मऊपणा ऐकायला. भाऊ म्हणाला, "हळू बोल." मालक म्हणाले, "बोलू दे त्याला."

दुकानाचा नकाशा मला कानांनी पाठ आहे. पंख्याचं एक पातं दर फेरीला टक् करतं, ते मधोमध. घड्याळ डाव्या भिंतीवर, त्याच्या खाली मोठी पुस्तकं. उजव्या कोपऱ्यात बाहेरच्या माडाच्या झावळ्या पत्र्याला घासतात, तिथे मुलांची पुस्तकं. गल्ल्याचा ड्रॉवर ओढला की नाणी घरंगळतात, म्हणजे समोर आलो.

मी ब्रेल वाचतो. ब्रेलमध्ये 'क' म्हणजे दोन टिंबं, पहिलं आणि तिसरं. डोळस माणसं जो 'क' बघतात तो कसा असतो हे मला ठाऊक नव्हतं. एकदा मालकांनी उठावाच्या अक्षरांचं वेष्टन असलेलं पुस्तक माझ्या हातात दिलं, माझं पहिलं बोट धरलं आणि अक्षरावरून फिरवलं. वर आडवी रेघ. मधे उभी काठी. काठीच्या डाव्या बाजूला गोल पोट, उजव्या बाजूला वाकडी शेपटी. "हा 'क'," म्हणाले. मी पाच-सहा वेळा तोच 'क' फिरवला. दुकानात गिऱ्हाईक थांबलं होतं, त्यांनी त्याला थांबवलं.

आता पुस्तकं मी फोनवर ऐकतो. ती सोय फार मोठी आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण महिन्यातून एकदा दुकानात जातो. किती जाड आहे, कागद खरखरीत की गुळगुळीत, कोपरे टोकदार की गोल, हे हाताला कळलं की ऐकताना ते पुस्तक माझ्यापुढे असतं.

श्रीवर्धन

बालभारतीच्या पुस्तकांबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? आमच्याकडे पाऊस आणि पाठ्यपुस्तकं एकाच आठवड्यात येतात. दुकानासमोर रांग, फळीवर पाण्याचे टपोरे थेंब, आत इयत्तेप्रमाणे लावलेले थर. बाहेर तापलेल्या मातीवर पडलेल्या पहिल्या पावसाचा वास आणि आत नव्या शाईचा. मला ते दोन वास वेगळे करता येत नाहीत, करायचेही नाहीत. वर खाकी कागदाचं कव्हर. घडी घातली की नखानं दाबायची, त्या घडीचा आवाज म्हणजे माझं जून.

सावंतवाडी

निवृत्त शिक्षक आहे, रसायनशास्त्र शिकवलं. जुन्या पुस्तकाचा वास गोडसर का, हे एका विद्यार्थिनीनं मला इथल्या दुकानातच विचारलं होतं, तिथलंच उत्तर लिहितो.

कागद लाकडापासून होतो. लाकडात सेल्युलोजबरोबर लिग्निन असतं, जे झाडाला ताठ उभं ठेवतं. स्वस्त कागदात ते बरंच राहून जातं. वर्षानुवर्षं हवा, उजेड आणि कागदातलं आम्ल यांनी त्याची मोडतोड होते, कागद पिवळा पडतो आणि काही उडून जाणारी द्रव्यं सुटतात. त्यांत एक व्हॅनिलिन. व्हॅनिलाच्या शेंगेला वास देणारं हेच द्रव्य. २००९ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी जुन्या कागदातून निघणारी अशी द्रव्यं मोजून दाखवली, आणि वासावरून कागदाची अवस्था ओळखता येईल असं मांडलं. म्हणजे पुस्तक उघडून आपण नाकाला लावतो तेव्हा त्याची तब्येतच बघत असतो.

मी तिला दोन पुस्तकं दिली. एक साठच्या दशकातलं, खरखरीत कागदाचं, आणि एक कालच आलेलं. "डोळे मीट आणि सांग." जुन्याला म्हणाली, "सर, खिरीसारखा." नव्याला म्हणाली, "रंगाच्या डब्यासारखा." बरोबर होतं. नव्याचा वास शाईतल्या द्रावकाचा आणि गोंदाचा. मग तिनं तिसरं उचललं आणि नाक मुरडलं. त्याला बुरशी धरली होती. हवेतली आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती ऐंशी-नव्वदला सहज असते. कोकणातल्या दुकानात खिरीसारखा वास टिकलेला असेल तर दुकानदारानं चार महिने झोप मोडून तो टिकवलेला असतो. दुकानदार हे ऐकत होते. त्यांनी काही न बोलता ते तिसरं पुस्तक घेतलं आणि बल्ब लावलेल्या कपाटात ठेवलं.

आमच्याकडचा आणखी एक वास लिहिल्याशिवाय राहवत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगी फुलते. दुकानाशेजारी बायका वळेसार, म्हणजे सुरंगीचे गजरे, विकायला बसतात. दुपारी वारा फिरला की तो वास थेट कवितांच्या फळीपर्यंत येतो. मालकीणबाई संध्याकाळी उरलेली फुलं घेतात आणि पुस्तक बांधून देताना कागदात दोन ठेवतात. बकुळीच्या दिवसांत बकुळ. ओवळं, म्हणजे बकुळीची फुलं, सुकली तरी त्यांचा वास राहतो, त्यामुळे माझ्या कपाटात कुठलं पुस्तक कुठल्या महिन्यात घेतलं ते तारीख न बघता सांगता येतं.

गुहागर

जीभ राहिली. आमच्या दुकानात मे महिन्यात कोकम सरबत मिळायचं, मालकांच्या घरून, तांब्यानं. अट एकच, पायरीवर बसून प्यायचं, आत आणायचं नाही. मी एका हातात पेला आणि दुसऱ्या हातात पुस्तक घेऊन पायरीच्या बरोबर मधे बसायचो, पुस्तकाचा हात उंबऱ्याच्या आत आणि पेल्याचा बाहेर. जिरं आणि मीठ जिभेवर आलं की अजून हातात पुस्तक असल्यासारखं वाटतं.

चिपळूण

मला सुखाचंच लिहायचं आहे, पण त्याआधी दुसरं लिहावं लागेल.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. आमच्या ओळखीच्या दुकानात ते छतापर्यंत चढलं होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही आठ-दहा जण साफसफाईला गेलो. शटर उघडेना, आतून काहीतरी रेटत होतं. ती पुस्तकं होती. भिजलेला कागद फुगतो हे ऐकून होते, पण फुगलेल्या पुस्तकांनी फळ्या फोडलेल्या मी तेव्हा पाहिल्या. उरलेल्या फळ्यांत ती इतकी गच्च बसली होती की एकही निघेना. शेवटी फळ्याच कापाव्या लागल्या. वास लिहीत नाही. त्या दिवशी चिपळुणात जे होते त्यांना माहीत आहे.

गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं विटेसारखी झाली होती, पान पानापासून सुटणं शक्य नव्हतं. साध्या कागदाची थोडी वाचतील असं वाटलं. आम्ही दर दहा-बारा पानांनी वर्तमानपत्राचा तुकडा घालायचो, दोन तासांनी बदलायचो. वीज नव्हती, पंखा नव्हता. भिजलेली पुस्तकं लगेच गोठवून ठेवली तर बुरशी थांबते आणि मग सावकाश वाळवायला वेळ मिळतो, हे मला फार नंतर समजलं. बर्फाचे कारखाने आपल्या किनाऱ्यावर किती आहेत! तेव्हा कुणाला सुचलं नाही, ही खंत मला अजून आहे. म्हणून इथे लिहून ठेवते, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

दुकानभर पुस्तकांतली सत्तावीस वाचली. मोजली होती.

आता सुखाचं. दुकान पुन्हा उघडलं ते दिवाळीच्या आधी. भिंती चुन्यानं रंगवलेल्या, फळ्या नव्या, अजून रंधा मारल्याचा वास येणाऱ्या. पुस्तकं फार नव्हती, एक भिंतही भरली नव्हती. दिवाळी अंकांचे गठ्ठे नुकतेच उतरले होते. मालकांनी पहिल्या गठ्ठ्याची सुतळी कापली, वरचा अंक काढला आणि वाचायच्या आधी अंगठ्यानं पानं एका दमात फर्रकन सोडली. कोरडा आवाज! किती दिवसांनी ऐकला. तीन महिने आम्ही सगळ्यांनी ओल्या कागदाचाच आवाज ऐकला होता, जो आवाज नसतोच. दुकानात आम्ही पाच जण होतो. मालक म्हणाले, "परत एकदा," आणि परत एकदा सोडली.

त्या सत्तावीसमधलं एक पुस्तक मी पूर्ण किमतीला घेतलं. ते घेऊ देत नव्हते, भांडून घेतलं. त्याची पानं आता पोह्याच्या पापडासारखी वाजतात, आणि कण्यातून अजून कधीकधी बारीक तांबडी माती पडते. मी ती झाडत नाही.

ठाणे, मूळ गाव मालवण

लिंबाच्या बशीबद्दल वाचलं. ते दुकान मला माहीत आहे. बशी आम्हीही बघायचो, आम्हाला वाटायचं मालकांच्या पोह्यांसाठी असेल. ताई, तुम्ही ज्या खालच्या फळीशी बसायचात तिथे मीही बसलोय, शनिवारी सकाळी. कोबा खरंच गार होता. एका जागी छोटा खळगा होता, तो आठवतो का?

मालवण

आठवतो. त्यात मी टाच ठेवायची.

राजापूर

शेवटी लिहायला धजतेय, कारण मी गल्ल्याच्या या बाजूची आहे. दुकान आजोबांचं, मग बाबांचं, आता मी बघते.

तुम्हाला जो वास येतो तो मला सकाळी सात वाजता एकटीला मिळतो. फळ्या काढल्या की रात्रभर कोंडलेली हवा एकदम बाहेर येते. बाबा सांगायचे, ती पहिली हवा नीट घे. नुसता कागद आला तर ठीक. मातीसारखा आला तर कुठेतरी वाळवी आहे. दमट, आंबूस आला तर बुरशी. मी अजून तसंच करते, दारात उभी राहून तीन श्वास घेते आणि मगच दिवा लावते. दोन वर्षांपूर्वी असाच मातीचा वास आला म्हणून मागचं कपाट हलवलं. भिंतीवर वाळवीची बोटभर नळी चढली होती, पुस्तकांपासून चार अंगुळं लांब.

पावसाळ्यात माझा दिवस पुसण्यात जातो. कोरडं सुती कापड, आधी वरची कड, मग कणा. बंद कपाटांत साठ वॉटचा बल्ब रात्रंदिवस. कोपऱ्यात वाडग्यात कळीचा चुना, तो ओल पितो आणि फुटून भुगा होतो, मग बदलायचा. पानांत सुकलेली कडुलिंबाची पानं, फळीवर वेखंडाचे तुकडे. खाऱ्या वाऱ्यानं मासिकांच्या पिना गंजतात आणि मधल्या पानावर दोन तांबडे डाग उठतात, म्हणून जुन्या अंकांच्या पिना काढून मी त्यांना दोरा घालते. हे सगळं बाबांकडून आलं. गिऱ्हाईक आत येऊन डोळे मिटतं, खोल श्वास घेतं आणि म्हणतं, "काय छान वास येतो हो तुमच्याकडे," तेव्हा मी नुसती हसते. आज तुमचं सगळ्यांचं वाचल्यावर वाटलं, एकदा सांगावं.

आणि मला सगळ्यात आवडतो तो आवाज इथे कुणी लिहिला नाही. एखादा मुलगा पुस्तक हातात घेऊन उभा असतो. घ्यायचं की नाही ठरत नाही. खिशातली नाणी दोनदा चाचपतो. मग पुस्तक मिटल्याचा आवाज येतो. परत ठेवायचं असलं की तो आवाज पोकळ येतो, घ्यायचं असलं की भरीव. मान वर न करता मला कळतं, आणि मी वेष्टनाचा कागद आधीच कापायला घेते.

दसऱ्याला सरस्वतीपूजन झालं. ऑक्टोबरचं ऊन चांगलं पडलंय. आज दुपारी मी ओसरीवर चटया टाकून दोन फळ्यांची पुस्तकं उघडून उभी ठेवली, थेट उन्हात नाही, झावळ्यांच्या सावलीत, नुसता कोरडा वारा लागेल अशी. वारा आला की सगळ्यांची पानं एकदम हलतात. पाच वाजता आत घेईन, उद्या पुढच्या दोन फळ्या.